राखणीची बाटली

"माझा नवरा प्यायला होता की नव्हता, एवढंच मला सांगा. तेही संध्याकाळची मुंबईची गाडी सुटायच्या आत."

शमिका नाटेकर हे उभ्याउभ्याच बोलली. तिला खुर्ची दिली होती, पण ती तिने हातातली पिशवी ठेवायला वापरली.

योगिनी शेट्येही उभीच होती. तिचं ते नेहमीचंच. रत्नागिरीत खाजगी तपासनीस म्हणून पाटी लावून बसलेली ही बाई प्रत्यक्ष बसलेली मात्र कोणी पाहिली नव्हती. आधी कितीतरी वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलंन, मग कंटाळून लोकच तपासायला लागली. दोघींच्या वाटचं बसणं तिचा मावसभाऊ सागर मयेकर एकटा करत होता. सागरला बुद्धी नव्हती असं कोणी म्हणू नये. होती, फक्त यायला वेळ लावायची.

"प्यायला असला तर?" योगिनीने विचारलं.

"तर मी सानवीला घेऊन भावाकडे जाते. कायमची. पोरगी दोन दिवस बापाशी बोललेली नाही."

"आणि नसला तर?"

"नसला तर, असं अजून मला कोणी म्हणालंच नाही हो. तो स्वतःसुद्धा नाही."

योगिनी खिडकीकडे निघाली होती, ती तिथेच वळली. "स्वतःसुद्धा नाही? नीट सांग बघू. पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे परवा दुपारपासून. अनिल नाटेकर हा 'गंगामाई' ट्रॉलरचा तांडेल. बोट त्याच्या हाती, मालकी भिकाजी भाटकरांची. इंजिनाचं काम झालं होतं म्हणून बोट नुसती फेरी मारायला समुद्रात नेली. वर तिघेच, मालक भिकाजीतात्या, अनिल आणि इंजिन बघणारा रघू. परतताना मिरकरवाड्याच्या बंदरात शिरता शिरता बोट दगडी भिंतीवर चढली. रघूचं गळपट्टीचं हाड मोडलं. अनिलच्या डोक्याला लागून शुद्ध गेली, आणि त्याच्या अंगाला दारूचा असा भपकारा की उचलणाऱ्यांनी नाकं धरली.

"चार वर्षं थेंब नव्हता हो घेतलान," शमिका म्हणाली. "त्याआधी मुंबईच्या बोटीवर होता तेव्हा काय प्यायचा ते विचारू नका. रात्रीचं सकाळी आठवायचं नाही. भिकाजीतात्यांनी त्याला इथे आणलं, देवळातल्या शनिवारच्या बैठकीत बसवलं, दारू सोडवली, तांडेल केलं. आणि आता हे."

"परवाचं त्याला काय आठवतंय?"

"जाताना नाळीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, नारळ वाढवलान, तात्यांनी राखण दिली, तिथवर. पुढे एकदम इस्पितळाचं छत. म्हणतो, 'शमू, पूर्वी पण असंच व्हायचं ना? म्हणजे प्यायलोच असणार मी.'" तिने खुर्चीवरची पिशवी उगाच सरळ केली. "तोच कबूल होतोय, तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

सागरने पाण्याचा ग्लास पुढे केला. तो तिने घेतला नाही.

"राखण म्हणजे दारू ना?" योगिनीने विचारलं.

"समुद्राच्या राखणदाराची. भाटकरांच्या बोटीची रीत आहे. आठवड्याच्या नि दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला नारळ वाढवायचा आणि अख्खी बाटली नाळीवरून पाण्यात ओतायची. तीच बाटली अनिलच्या शेजारी सापडली. रिकामी."

"इस्पितळात रक्त तपासलं?"

"तात्या डॉक्टरांच्या हातापाया पडले. पोलीस केस नको, पोराचं आयुष्य जाईल म्हणाले. म्हणून कोणी घेतलंच नाही. देवमाणूस हो."

"शुद्धीवर आल्यावर बोलत कसा होता?"

"चांगला शहाण्यासारखा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. न अडखळता पार शेवटपर्यंत गेला. मला नसतं जमलं."

"हे कधी? दुसऱ्या दिवशी?"

"छे! आणल्यावर थोड्याच वेळात."

योगिनीने मान हलवली. शमिकाने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला शर्ट काढला. "हा त्याचा. धुवायला हात होईना माझा."

शर्ट उघडल्याबरोबर सागर खुर्चीसकट मागे सरकला. योगिनीने तो खिडकीच्या उजेडात धरला. वास खांद्यांना आणि पाठीला. छातीकडे जवळजवळ काहीच नाही. कॉलरपासून पाठीवर रक्ताचा एक ओघळ होता. त्याच्या दोन्ही कडा काळ्या, वाळलेल्या, आणि मधला भाग धुतल्यासारखा फिकट.

"हे बघ सागर."

"रक्त आहे," सागर म्हणाला.

"वा! आणि मी समजत होते कोकम." तिने शर्ट पुन्हा गुंडाळला. "शमिका, दुपारी बोटमालकांच्या सोसायटीची मीटिंग आहे म्हणे?"

"तीच तर! तात्याच अध्यक्ष. अनिलला यापुढे कुठल्याच बोटीवर घ्यायचं नाही, असा ठराव येणार."

"मग चला. ऊठ रे सागर, खुर्चीला मुळं फुटतील."

*

मिरकरवाड्यात वारा असा सुटला होता की बर्फाच्या टोपल्यांवरची गोणपाटं उडत होती. लिलाव आटोपून बायका उरलेल्या बांगड्यांची वाटणी करत भांडत होत्या. भिकाजींचा पुतण्या स्वरूप जेट्टीवर भेटला. अंगाने दणकट, पण आज तोंड कडू करून उभा.

"तिथे बघा." त्याने बोट दाखवलं. 'गंगामाई' भिंतीच्या पोटात तिरकी रुतून बसली होती. "भिंतीचं शेपूट पार तिकडे लांब आहे. त्याला वळसा घालून आत यायचं. शेंबडं पोर पण आणील. आणि ह्याने सरळ मध्यावर चढवली! जसं काही तिथे भिंतच नाय."

"भिंत जुनी आहे?"

"कसली जुनी? सहाएक वर्षं झाली असतील. आमच्या तात्यांनीच अर्ज करकरून करून घेतली. आधी तिथे बंदराचं जुनं तोंड होतं. मी तेव्हा कॉलेजला, मला पण नीट आठवत नाय."

योगिनी जेट्टीच्या अगदी टोकापर्यंत गेली. तिथून तिने बोटीकडे पाहिलं, मग टेकडीवरच्या दीपगृहाकडे, मग खालच्या देवळाच्या कळसाकडे. पुन्हा बोटीकडे. सागर मागून ओरडला, "पडशील!"

"बोट आपटली तेव्हा तू कुठे होतास?" तिने परत येत स्वरूपला विचारलं.

"इथेच. सगळे बघत होते, पण भिंतीआडून नुसतं केबिनचं छप्पर दिसत होतं. चौघांना होडीत घेऊन पयला मीच पोचलो. अनिल केबिनमध्ये पडलेला, दारूचं डबकं. रघू इंजिनाकडून वर येऊन कण्हत बसलेला. तात्यांच्या तळहाताला केबिनची काच लागलेली. लवंग चघळत, पंचा दाबून बसले होते बिचारे. एवढीशी जखम, पण रक्त काय थांबेना! माझ्या गाडीची सीट भिजली. शेवटी टाका घालायला लागला."

"आणि अनिलची जखम?"

"ती मोठी होती, डोक्याच्या मागल्या बाजूला. पण आम्ही पोचेपर्यंत धरली होती खपली."

"तांडेलाची जागा आता रिकामी. तुला हवी होती ना?" योगिनीने सरळ विचारलं.

स्वरूपचे कान लाल झाले. "हवी होती. अजून हवी. मागून घेईन, असली नको. दारू पिऊन माणूस पाडायचा धंदा आमचा नाय!"

वाटेत सागर कुजबुजला, "ताई, हाच. जेट्टीवरून आधी पोचला, तिथे बाटली ओतली असणार."

"होडीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत? आणि बोट भिंतीवर काय जेट्टीवरून फुंकर मारून चढवलीन?"

*

रघू लांज्याकडच्या एका गावातला शेतकरी. दोन वर्षांपूर्वी इंजिनाच्या कामाला बंदरात आलेला. गळ्यात पट्टा अडकवून खोलीच्या दारात बसला होता, आणि स्वतःला काय काय दुखतंय ते ऐकवायला कोणीतरी हवंच होतं त्याला.

"मी खाली इंजिनाकडे ओ. मला काय दिसतंय? नुसता धूर नि आवाज. एक सांगतो, वेग कमी झालाच नाय. अनिल भिंत दिसायच्या आधीपासून हळू करतो. मी त्याला चिडवतो पण, बैलगाडी हाकतोस काय रे म्हणून. परवा तसेच भरधाव. नि मग धडाम! मी उडालो तो पंपावर."

"सुकाणू कोण धरतं? तू कधी?"

"मी? माका... मला पोहायला पण येत नाय! तांडेल धरतो, नायतर तात्या. तात्या म्हातारे झाले म्हणू नका, उभा जन्म तांडेल होते ते."

"अनिल बाटलीला हात लावताना पाहिलास?"

रघू जरा कचरला. "खोटं कशाला सांगू? नाय पाहिला. उलट राखणीच्या वेळी तो तोंड फिरवून उभा राहतो. बाटली तात्याच फोडतात, तात्याच ओततात. मी पितो ओ, लपवत नाय. पण बोटीवर नाय, नि राखणीचं तर कोण पिणार? राखणदार बुडवील की!"

"तुझ्या कोपराला खरचटलंय. किती वाहिलं?"

"हे? हे तिथल्या तिथे सुकलं. एवढ्याने काय होतंय? तात्यांचं बघा तुम्ही. नारळी पौर्णिमेला नारळ सोलताना कोयता अंगठ्यात गेला. हाड दिसलं ओ मला! हळद दाबलीनी, चार शिव्या घातलीनी नि परत सोलायला उभे. हार्टची गोळी चालू आहे त्यांची, तरी असा माणूस. परवा एवढ्याशा काचेने मात्र पार पांढरे पडले. वय झालं म्हणायचं."

योगिनी इतका वेळ दारात येरझारा घालत होती. ती थांबली. "ही हार्टची गोळी पौर्णिमेला पण चालू होती?"

"दोन वर्षं चालू हाय. मीच आणून देतो औषधवाल्याकडून."

*

अनिल घराच्या मागे, जाळ्यांच्या ढिगावर बसला होता. डोक्याला पट्टी. आले-गेले त्याने मान वर करून पाहिलेच नाहीत.

"शमिकाने पाठवलं ना? तिला सांगा, पैसे फुकट घालवू नको. प्यायलो असणार मी."

"असणार म्हणजे?"

"बाटली माझ्याजवळ. वास माझ्या अंगाला. आठवण माझी गेलेली. चौथं काय पाहिजे?" तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "चार वर्षं मला वाटत होतं, मी सुटलो. रोज सकाळी उठून वाटायचं. ते आत लपून बसलं होतं मेलं. रघूचं हाड मोडलं, उद्या कोणाचं पोर मेलं असतं."

"बंदराच्या जुन्या तोंडातून तू कधी बोट आणली होतीस?"

"जुनं तोंड?" त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. "मी आलो तेव्हा भिंत होती. कुठून वळायचे ते पण मला ठाऊक नाय."

घराच्या कोपऱ्यावर एक मुलगी उभी होती. दप्तर पाठीला, शाळेला मात्र गेलेली नव्हती. अनिलने तिच्याकडे पाहिलं आणि ती आत पळाली. त्याने तोंड जाळ्यात खुपसलं.

रस्त्यावर आल्यावर सागर म्हणाला, "ताई, हा खरंच प्यायला असला तर?"

"तर तेच सांगायचं. पण चल, आधी देवमाणूस बघू."

*

भिकाजी भाटकर पडवीत झोपाळ्यावर बसले होते. पांढरा सदरा, डाव्या तळहाताला पट्टी, तोंडात लवंग. मागच्या भिंतीवर पत्नी यमुनाबाईंचा फोटो, त्याला ताजा हार. गेल्याच वर्षी त्या गेल्या होत्या.

"माझं पोरच आहे ते," भिकाजी म्हणाले. "चूक झाली. दारू अशी सहज सुटत नाही, मी शनिवारी सांगत असतो सगळ्यांना. म्हणूनच पोलिसांत जाऊ दिलं नाही."

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"मागच्या अंगाला. जाळी बघत होतो. राखण दिली, थोडी बाटलीत उरली, ती केबिनमध्ये ठेवली. तिथे चुकलो. जिभेला चटक असलेल्याजवळ ठेवायला नको होती. धक्का बसला तसा धावलो, तर हा केबिनमध्ये आडवा. त्याला ओढताना हात कापला."

"तुम्ही कधी घेत नाही?"

"मी?" भिकाजींनी फोटोकडे पाहिलं. "हिने घेऊ दिली असती होय?"

योगिनी पडवीच्या कठड्याशी गेली. तिथून बंदर दिसत होतं. "तात्या, भिंत नव्हती तेव्हा बोटी आत कशा यायच्या हो? मला फार कुतूहल आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. झोपाळा थांबवून ते उठलेच. "सोपं होतं. देवळाचा कळस नि वरचं दीपगृह एका रेषेत आलं, की डोळे मिटून डावीकडे मारायचं. वेग सोडायचा नाही, नाहीतर ओढ बाहेर फेकते. तीस वर्षं आणल्या बोटी मी तशा. झोपेत विचारलंत तरी हात वळतील."

"धन्यवाद तात्या," योगिनी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "मीटिंगच्या आधी मी सगळ्यांना इथेच घेऊन येते. चालेल ना?"

*

पडवीत सगळे जमले. शमिका खांबाला टेकून, अनिल तिच्यापासून लांब, रघू बाकावर, स्वरूप दारात. सानवीला अंगणात थांबवलं होतं. सोसायटीची माणसं खाली रस्त्यावर जमायला लागली होती, त्यांचा गलका वरपर्यंत येत होता.

"सागरला डेंग्यू झाला होता," योगिनीने भलतीकडूनच सुरुवात केली. "सागर, तेव्हा डॉक्टर रोज काय मोजायचे?"

"प्लेटलेट. खाली गेल्या होत्या. पपईच्या पानांचा रस पाजलास मला, अजून कडू आहे तोंड."

"त्याच. रक्तातल्या बारीक चपट्या पेशी. कापलं, की त्या धावतात, एकमेकींना चिकटतात नि भोक बुजवतात. म्हणून रक्त थांबतं. हार्टची गोळी त्यांना जरा आळशी करते, त्यासाठीच देतात. आणि दारूही करते. एका बैठकीत त्यांची संख्या नाही कमी होत, पण चिकटायचा कंटाळा येतो त्यांना. गोळी आणि दारू एकत्र झाली, की मग बघायलाच नको. एवढीशी जखम वाहतच राहते."

भिकाजींनी पट्टी बांधलेला हात पंच्याखाली घेतला.

"नारळी पौर्णिमेला तात्यांचा अंगठा हाडापर्यंत कापला. गोळी चालू होती. हळदीने थांबलं. परवा काचेने ओरखडा गेला. गोळी तीच, माणूस तोच. पण सीट भिजली, टाका पडला. मग परवा नवीन काय होतं? आणि ज्याने बाटली रिकामी केली म्हणता, त्या अनिलची मोठी जखम होडी पोचेपर्यंत सुकली."

"अहो, काहीतरीच!" स्वरूप पुढे आला. "म्हातारा माणूस, रक्त एखाद्या वेळी नाय थांबत!"

"बरोबर. एवढ्यावर मी मांजरालासुद्धा दोष देणार नाही. म्हणून शर्ट." तिने तो उलगडला. "दारू प्यायलेला माणूस सांडतो कुठे? छातीवर. ही दारू आहे खांद्यांवर, पाठीवर. वरून ओतलेली. आणि हा रक्ताचा ओघळ बघा. रक्ताची कड आधी वाळते, मधला भाग मागून. कडा वाळल्या होत्या, तेव्हा मधलं ओलं रक्त कोणीतरी धुऊन नेलं. म्हणजे आधी डोकं फुटलं, थोडा वेळ गेला, आणि मग अंगावर दारू पडली. बेशुद्ध माणसाच्या."

शमिकाने तोंडावर हात दाबला.

"थोड्याच वेळात इस्पितळात तोच अनिल शंभरातून सात-सात उतरवत शेवटपर्यंत गेला. पोटात अर्धी बाटली असती तर त्र्याण्णवच्या पुढेच घसरला असता. दारूत पहिली जाते ती अशीच अक्कल, एक आकडा धरून दुसरा करायची. त्याची आठवण गेली ती डोक्याच्या माराने. मार बसण्याआधीचं थोडं पुसलं जातं. त्याला वाटलं, पूर्वीसारखंच झालं."

अनिल हळूहळू उभा राहिला होता.

"मग बोट कोणी आणली?" सागरने विचारलं. सगळ्यांच्या मनातलंच होतं ते.

"बोटीनेच सांगितलंय. ती मध्यावर रुतली आहे, जिथे जुनं तोंड होतं. जेट्टीच्या टोकावरून मी पाहिलं. कळस नि दीपगृह जिथून एका रेषेत दिसतात, तिथून डावीकडे मारलेली, वेग न सोडता. अनिलला तो रस्ता ठाऊकच नाही, तो भिंतीनंतरचा. रघूही नंतरचा. स्वरूप जेट्टीवर. बोटीवर तो रस्ता एकाच माणसाच्या हातात होता."

"पण भिंत तात्यांनीच बांधून घेतली!" रघू ओरडला.

"म्हणूनच, रघू. शुद्धीतले तात्या तिथे जन्मात वळले नसते. दारू सगळं एकदम नाही पुसत. तीस वर्षं हातात मुरलेलं राहतं. जातं ते अलीकडे शिकलेलं. आणि 'थांब, बघ जरा' म्हणणारा जो आत बसलेला असतो ना, तो सगळ्यांत आधी झोपतो. तात्यांच्या हातांनी त्यांना घरी आणलं, जुन्या वाटेने. भिंत मध्ये आहे, हे सांगायला कोणी जागं नव्हतं."

झोपाळ्याची कडी करकरली. भिकाजींनी तोंडातली लवंग काढून हातात धरली.

"यमुना गेल्यापासून," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "घरात आणली असती तर कळलं असतं. म्हणून राखणीच्या बाटल्या. चार थेंब पाण्यात ओतायचो नि बाकी जाळ्यांआड बसून. राखणदाराचं चोरून प्यायलो मी. परवा परतताना अनिलला म्हटलं, आज मी आणतो, तू दोर घेऊन पुढे जा. तो नाळीवर होता, तिथेच त्याचं डोकं फुटलं. मला वाटलं मेला. मग श्वास दिसला. आणि जेट्टीवर सगळं बंदर उभं. शनिवारी ज्यांना मी सांगतो ती सगळी माणसं. रघू अजून खालीच होता. मी ह्याला केबिनमध्ये ओढला. पुढचं... ह्याचं नाव आधीच खराब होतं. माझं नव्हतं."

"तात्या!" स्वरूप एवढंच म्हणू शकला.

अनिल झोपाळ्यासमोर येऊन उभा राहिला. सागरला वाटलं, आता हा म्हाताऱ्याला मारणार. त्याने योगिनीकडे पाहिलं, ती जागची हलली नाही.

"म्हणजे मी प्यायलो नव्हतो?" अनिलने विचारलं.

"नाही रे," भिकाजी म्हणाले.

"थेंबसुद्धा?"

"थेंबसुद्धा नाही."

अनिल मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला, सगळ्यांदेखत. शमिका धावली, पण दोन पावलांवर येऊन तिथेच थांबली. जवळ जायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे तिचं तिलाच कळेना.

"ये गो," अनिल म्हणाला. "मीच माझ्यावर भरवसा ठेवला नाही, तू काय ठेवणार होतीस?"

भिकाजी हात जोडून उठले. "पोरा, माफ कर."

"दारूचं केलं असतं तात्या. लगेच. तुम्ही माझं केलं होतंत. बोट गेली, तेही चाललं असतं." त्याने डोळे पुसले. "पण दोन दिवस तुम्ही मला माझ्यावरच थुंकायला लावलंत. समोर बसून बघत होतात. ते कसं माफ करायचं, मला येत नाय."

रस्त्यावरून कोणीतरी हाक मारली, "तात्या, येताय ना? मीटिंग खोळंबलीय!"

भिकाजी पायऱ्यांकडे निघाले. अनिलने त्यांना अडवलं.

"खाली मग जा. आधी तिला सांगा."

अंगणात सानवी तुळशीजवळ उभी होती. एवढी माणसं आपल्याकडे का बघताहेत, हे तिला समजेना. भिकाजी तिच्यापुढे गेले, गुडघे धरत धरत खाली बसले. बंदरातल्या मोठमोठ्या माणसांना गप्प करणारा तो म्हातारा एका पोरीसमोर घामाने भिजला.

"बाय, तुझा बाबा प्यायला नव्हता. मी प्यायलो होतो. आणि त्याच्या अंगावर मी ओतली."

सानवीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांच्या डोक्यावरून ती पडवीच्या पायरीवर आलेल्या बापाकडे बघत होती.

"मग तू का नाही सांगितलंस बाबा?"

"मला ठाऊक नव्हतं गं."

"मला विचारायचंस," सानवी म्हणाली. "तू प्यायलास की मला कळतं. इस्पितळात मी तुझ्या तोंडाजवळ आले होते. वास शर्टाला होता, तोंडाला नव्हता. मी आईला सांगत होते, तर ती म्हणाली, लहान आहेस तू, गप्प बस. आणि तू म्हणालास प्यायलो. मग मी कोणाचं खरं मानायचं?"

योगिनी पायरीवर बसली, आणि बसूनच राहिली.